पानाखालचं नाव

सोलापूरच्या मंगळवार पेठेत भांड्यांच्या दोन मोठ्या दुकानांच्या मध्ये चिमटून बसावं तसं रुद्राणीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक काउंटर, एक स्टूल आणि 'भांड्यांवर नावे घालून मिळतील' अशी पाटी. लग्नसराईत तिथं उभं राहायला जागा नसते. डबे, घागरी, ताटं, पिंपं यांच्यावर 'मामा-मामीकडून सप्रेम भेट' हे शब्द रुद्राणीनं इतक्या वेळा कोरलेत, की झोपेतही तिचा हात तेच गिरवत असेल. पण तिचा खरा लौकिक आहे जुन्या काचेसाठी. कुणाच्या घरात कोरीव पेला, अत्तरदाणी, गुलाबदाणी निघाली, की पुण्या-हैदराबादचे शौकीन ती कापसात गुंडाळून तिच्याकडे धाडतात. काच कुठली, कोरली कधी, अस्सल की बनावट, हे ती भिंग लावून सांगते. वडिलांनी शिकवलेली विद्या. बनावट निघाली तर मालकाच्या तोंडावर सांगते, मग समोर कितीही बडी असामी असो. त्यामुळे गल्लीत तिला मान आहे आणि तिच्या नादी सहसा कुणी लागत नाही.

अशा बाईच्या लेकीचं लग्न जमणं सोपं नव्हतं. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. काव्या बँकेत लागली, मायलेकींनी जुळे सोलापुरात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, स्थळं येऊ लागली, आणि रुद्राणी एकेक नापास करत सुटली. एकाची डिग्री खोटी, एकाची आई गोड बोलून टोचणारी. शेवटी काव्या वैतागून म्हणाली, की अव्वा, तू माणसंसुद्धा भिंगातून बघतेस. ते रुद्राणीला फार लागलं होतं. म्हणून अक्कलकोटच्या पुढून, कर्नाटकच्या सरहद्दीजवळच्या गावातून विरेशचं स्थळ आलं आणि काव्याला तो मनापासून आवडला, तेव्हा तिनं भिंग बाजूला ठेवलं. घराणं लिंगायतांतलंच, मोठ्या शेतीचं; मुलगा अदबशीर, हळू बोलणारा. साखरपुडा झाला आणि आईचा जीव भांड्यात पडला.

लग्नाला तीन आठवडे उरले असताना विरेशचे वडील बापूसाहेब स्वतः दुकानात आले. हातात लाकडी पेटी, पेटीत मखमलीवर काचेचा एक पेला. घरची रीत त्यांनी सावकाश समजावून सांगितली. पणजोबांनी मुंबईच्या एका लिलावातून असे बारा विलायती पेले आणले होते. घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेला त्यातला एक कोरा पेला मिळतो. त्यावर तिचं नाव आणि लग्नाची तारीख माहेरच्यांनी घालून द्यायची. सासरची माणसं लग्नाआधी तो न्यायला येतात, नवरामुलगा चारचौघांत ते नाव वाचतो, आणि मग सून जन्मभर त्याच पेल्यातून पाणी आणि दूध पिते.

"पान आधीचंच आहे, पणजोबांच्या वेळचं," पेल्यावरच्या बेलाच्या त्रिदळावर बोट ठेवून बापूसाहेब म्हणाले. "तुम्ही फक्त त्याच्याखाली नाव घाला, विहीणबाई. पेला कोरा आहे. आजवर कुणाच्या ओठाला लागलेला नाही."

ते गेल्यावर रुद्राणीनं सवयीनं पेल्याला नखानं टिचकी मारली. शिशाची जुनी काच होती, आवाज लांबत गेला. बुडाशी, पेला जिथं टेकतो तेवढ्याच कडेवर बारीक चऱ्या होत्या, आडव्यातिडव्या, शंभर-सव्वाशे वर्षं फडताळात मागेपुढे सरकून पडलेल्या. बनावट करणारे तिथं पॉलिशपेपर मारतात, मग चऱ्या एकाच दिशेनं पळतात. तसलं काही नव्हतं. काठाखाली द्राक्षाचा वेल होता, तांब्याच्या फिरत्या चकतीवर धरून कोरलेला, कडा इतक्या मऊ की नख कुठं अडकत नव्हतं. बोहेमियाची काच, अठराशे ऐंशीच्या आसपासची. आपल्या लेकीला इतकी देखणी वस्तू मिळणार, म्हणून रुद्राणी मनातून सुखावली. मग तिचं नख बेलाच्या पानावर गेलं आणि अडकलं.

तिनं भिंग लावलं. पानाच्या कडेचे बारीक टवके उडालेले होते आणि खाचेत अजून पांढरी भुकटी होती. हे काम तांब्याच्या चकतीचं नव्हतं, तिच्याकडे आहे तसल्या विजेच्या मशीनचं होतं, आणि फार तर पाच-सहा वर्षांपूर्वीचं. पणजोबांच्या वेळी असलं मशीन कुठून असणार? त्यात नुसतं पान कुणीच कोरत नाही. तिच्या माहितीतले सगळे लिंगायत कारागीर आधी बेलाचं पान काढतात आणि मग त्याखाली नाव घालतात. ती स्वतःही तसंच करते. रुद्राणीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

तिनं रेघांची वही उघडून उभी केली आणि पानाखालच्या जागेतून त्या रेघा पाहिल्या. आजूबाजूला सरळ दिसणाऱ्या रेघा तिथं येऊन वाकत होत्या. तेवढी जागा कुणीतरी घासून खोलगट केली होती आणि वर पॉलिश मारलं होतं. नाव घासून काढलं होतं आणि पानापाशी येऊन हात थांबला होता. शंकराच्या पानावर चकती चालवायला घासणाऱ्याचं मन धजावलं नसणार. नाव पुसताना मात्र ते अडलं नव्हतं.

रुद्राणीनं काजळाची डबी काढली. अक्षर सुरू करताना आणि संपवताना मशीनचं टोक क्षणभर थांबतं, तिथं खड्डा खोल जातो, आणि वरून कितीही घासलं तरी त्या खड्ड्यांचे तळ राहतात. घासलेल्या जागेवर तिनं काजळ चोळलं आणि कापसानं हलकेच पुसून काढलं. काळे ठिपके उमटले. त्यावर पतंगाचा कागद धरून, पेन्सिलीनं ठिपक्याला ठिपका जोडत, ती अर्धा तास बसली. गिऱ्हाईक येऊन परत गेलं, तिला कळलंही नाही. कागदावर अक्षरं आली. सौ. रत्नम्मा. खाली तारीख, १४ जून २०२०.

काव्यानं तो कागद पाहिला आणि आईसमोरच विरेशला फोन लावला. तो जरासुद्धा गडबडला नाही. लॉकडाऊनमध्ये आपला एक साखरपुडा झाला होता, मुलगी कलबुर्गीकडची, तिच्याकडच्यांनी नाव आधीच घालून ठेवलं आणि पुढं त्यांनीच लग्न मोडलं, असं त्यानं सांगितलं. अशुभ बोलणं नको म्हणून घरात तो विषय कुणी काढत नाही म्हणे. रुद्राणीनं 'सौ.'कडे बोट दाखवलं. त्यावर काव्या म्हणाली, की माझं नावसुद्धा तू लग्नाआधी तीन आठवडे 'सौ.' लावूनच घालणार आहेस की. गेली तीस वर्षं ती ज्यांची लग्नं अजून लागायची होती त्यांच्या नावापुढं 'सौ.' कोरत आली होती.

"माझं लग्न मोडायला तुला एक पेला पुरतो का, अव्वा?" काव्यानं विचारलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

चौथ्या दिवशी भर दुपारी दुकानासमोर जीप थांबली आणि तिच्यातून विरेशची आई एकटीच उतरली. विजयमालाबाई साखरपुड्यात फारसं बोलल्या नव्हत्या. पदर सारखा करत नवऱ्याच्या मागं बसून होत्या. आताही त्यांनी आधी जीपकडे पाहिलं, ड्रायव्हर पानाच्या टपरीकडे वळल्याची खात्री केली आणि मग साड्यांच्या पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला पेला काढून काउंटरवर ठेवला. तोच द्राक्षाचा वेल, तेच पान. त्याखाली 'सौ. विजयमाला' आणि १९८८ सालची तारीख.

"हितं खळगा हाय बगा," नावावर अंगठा ठेवून त्या म्हणाल्या. "सदतीस वर्सं ह्यातनं पाणी प्याले, रोज अंगठा ह्याच्यातच बसतोय. पुसलेलं नाव तुमी वाचता, आसं घरात कानावर आलं. माज्या नावाखाली कुणाचं नाव हाय, तेवढं काढून ठेवा की. मला दुसरं काय नको."

रुद्राणीनं हळू आवाजात रत्नम्माचं विचारलं. विजयमालाबाईंनी पुन्हा एकदा रस्त्याकडे पाहिलं.

"दीड वरीस होती घरात. लई गुणाची पोर. येके दिवशी सकाळी न्हवती. ती माहेरी गेली, असं सांगायचं ठरलं."

"आणि खरं काय झालं?"

"ते इचारायचं न्हाय, हे बी ठरलं."

आपलं नाव कुठंही येऊ देऊ नका, पोरीपाशीसुद्धा नको, असं त्यांनी पुन्हा पुन्हा विनवलं. त्यांचं माहेर जेऊरकडचं. त्यांच्या लहानपणीच गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं, आईबाप पुनर्वसनाच्या पत्र्याच्या खोलीत वारले, पाठीला भाऊ नाही. मला परत जायला जागाच नाही, असं त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. पेला इथंच राहू दे, काव्याचा न्यायला येऊ तेव्हा गुपचूप पिशवीत घालीन, असं ठरवून त्या जीपमध्ये जाऊन बसल्या.

रुद्राणीनं त्याच दुपारी तो पेलाही वहीसमोर धरला आणि काजळ चोळलं. इथं ठिपके फार पुसट होते, पण नाव निघालं. सुंदरम्मा. बापूसाहेबांची पहिली बायको कुणाच्या बोलण्यात कधी आली नव्हती. दोन्ही पेले शेजारी ठेवून रुद्राणी त्यांच्याकडे बघत बसली, आणि मग तिला आपल्या मूर्खपणाचा राग आला. इतके दिवस ती पेल्याचं बूड बाहेरून पाहत होती, आतून नाही.

विजयमालाबाईंच्या पेल्यात तळाशी गोल गोल चऱ्यांचा दाट थर होता, काच तिथं धुरकट झाली होती. दुधात साखर ढवळताना स्टीलचा चमचा तळाला घासतो, त्याच्या सदतीस वर्षांच्या चऱ्या. काव्याच्या पेल्यातही त्याच गोल चऱ्या होत्या. मात्र थोड्या, सुट्या, आणि खाचा अजून तीक्ष्ण. रोजचा एक पेला दूध धरला, तर वर्ष-दीड वर्षाच्या. साखरपुडा मोडलेली मुलगी नवऱ्याच्या घरी बसून दीड वर्ष दूध पीत नाही.

तिनं काव्याला दुकानात बोलावून भिंग हातात दिलं. विजयमालाबाईंना दिलेला शब्द पाळून त्यांचा पेला कपाटातच ठेवला. काव्या बराच वेळ तळाशी बघत राहिली. घरातल्या दुसऱ्या कुणी वापरला असेल, असं ती म्हणाली, पण आवाजातला ताठा गेला होता. मग तिनं भिंग खाली ठेवलं. त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी काही मानणार नाही, आणि तू त्यांना काही विचारायचं नाहीस, असं तिनं आईकडून कबूल करून घेतलं. रुद्राणीनं कबूल केलं. विचारायचं नव्हतं, पण नाव तर घालायचं होतं. लेक निघून गेल्यावर तिनं मशीन सुरू केलं.

लग्नाला पाच दिवस राहिले असताना तिघंही जुळे सोलापुरातल्या फ्लॅटवर पेला न्यायला आले. बापूसाहेब, विरेश आणि दोघांच्या मागून विजयमालाबाई. रुद्राणीनं विजयमालाबाईंच्या हातात पाणी दिलं, आणि देता देता कानाशी वाकून "सुंदरम्मा" एवढंच म्हणाली. विजयमालाबाईंनी डोळे मिटले. ओठ हलले, बहुधा तेच नाव त्यांनी एकदा मनात म्हणून पाहिलं असावं.

चहा झाला. काव्या हिरवं काठापदराचं नेसून आईशेजारी उभी राहिली. खणाखाली झाकलेला पेला रुद्राणीनं ताटातून विरेशपुढं धरला. त्यानं हसत खण उचलला, पेला उजेडाकडे फिरवला आणि वाचायला तोंड उघडलं.

"सौ. र..."

ठिपक्यावरून ठिपक्याला जात रुद्राणीनं जुनं नाव होतं तिथंच, होतं तसंच पुन्हा कोरलं होतं. तारखेसकट. विरेशनं काव्याकडे पाहिलं नाही. त्यानं वडिलांकडे पाहिलं, शाळेत चूक सापडलेलं पोर मास्तरांकडे बघतं तसं. काव्या त्याच्या तोंडाकडे बघत होती. ही कोण, असं त्यानं विचारावं, निदान रागवावं, याची ती वाट पाहत होती.

बापूसाहेब उठले. चिडले नाहीत, आवाजही चढवला नाही. पेला घेऊन ते खिडकीपाशी गेले आणि नावाच्या जागी काच अंगठा आणि तर्जनीत धरून तिची जाडी चाचपली.

"काच जाड आहे अजून," ते म्हणाले. "आणखी एकदा घासता येईल. पाच दिवस आहेत, होईल की, विहीणबाई."

मग काव्या पुढं झाली. बोटातली साखरपुड्याची अंगठी तिनं ओढून काढली, जरा अडकली तशी जोर लावून काढली आणि बापूसाहेबांच्या हातातल्या पेल्यात टाकली. पेला खणकन वाजला आणि वाजतच राहिला.

"मामा, माझं नाव यावर पडलं नाही, ते बरं झालं," ती बापूसाहेबांना म्हणाली. ती मागं सरकली नाही.

बापूसाहेबांनी अंगठी काढून खिशात घातली, पेला पेटीत ठेवला आणि पेटीची कडी लावली. तुमची मर्जी, इतकंच म्हणाले. विरेश आधीच जिन्यात पोचला होता. रुद्राणीनं विजयमालाबाईंचा हात धरला आणि आजचा दिवस इथं राहा म्हणून सांगितलं. त्यांनी मान हलवली. हात सोडवून त्या नवऱ्यामागं निघाल्या. तेव्हा रुद्राणीनं तो हात घट्ट धरून ठेवायला हवा होता. पुढं कितीदा तरी तिनं त्याबद्दल स्वतःला दोष दिला.

दारात चपला घालता घालता बापूसाहेब सहज आठवल्यासारखं बायकोला म्हणाले, "तुझा पेला बरेच दिवस मांडणीत दिसला नाही, विजयमाला."

तो दुकानाच्या कपाटातच होता; पाहुण्यांच्या धावपळीत रुद्राणी तो घरी आणायला विसरली होती. खाली जीप सुरू झाल्याचा आवाज आला. काव्या सोफ्यावर बसली आणि लहान असताना रडायची तशी आईच्या पोटाशी डोकं खुपसून रडली. रुद्राणी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. लेक वाचली होती. पण डोळ्यांपुढून विजयमालाबाईंचा दारातला चेहरा हलत नव्हता.

दोन दिवस तिनं वाट पाहिली. पेला न्यायला ना विजयमालाबाई आल्या, ना कुणाचा निरोप. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास, दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी असताना, तिनं त्यांच्या घरी फोन लावला. उचलला तो कुणातरी गड्यानं. विजयमालाबाईंना द्या, असं ती म्हणाली.

"बाई न्हाईत. माहेरी गेल्यात."

रुद्राणीच्या हातातलं मशीन चालूच होतं. तिनं ते बंद केलं.

"कुठल्या माहेरी?" तिनं विचारलं.

त्या माणसानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, त्याच चालीत, पाठ करून घेतल्यासारखं. बाई माहेरी गेल्यात. आणि फोन ठेवला.

रुद्राणीनं गिऱ्हाइकांना त्यांचे डबे बिननावाचे परत दिले. कपाटातून विजयमालाबाईंचा पेला काढला, दोन नावांचे दोन कागद काढले आणि सगळं खणात गुंडाळून पिशवीत घातलं. काव्याला बँकेत फोन करून थेट पोलीस ठाण्यात ये म्हणून सांगितलं. शटर ओढताना शेजारचा दुकानदार, इतक्या लवकर कुठं, असं विचारत होता. ती चालायला लागली. ठाण्यात कुणाला काय आणि कुठून सांगायचं, हे ती जुळवत होती, आणि सुरुवात चमच्याच्या चऱ्यांपासूनच करावी लागणार होती.